पितृऋण आणि मृत्यूची नोंदवही

शिवडी, परळ, लालबाग या गिरणगावाच्या मुलखात ज्यांची तिसरी-चौथी पिढी नांदत आहे, अशा बहुतेक कुटुंबांवर केव्हा ना केव्हा असा प्रसंग येतो की, आपला पणजोबा कोण होता, तो कोणत्या तालुक्यातील कोणत्या मौज्यातून मुंबईस आला आणि कोणत्या साली मयत झाला, हे सरकारी दप्तरातील नकलेने सिद्ध करावे लागते. घरातील वडीलधाऱ्यांची साक्ष तेथे पुरी पडत नाही. निमित्त बहुधा जात पडताळणीचे असते. अनुसूचित जातीच्या अर्जदारास 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या अर्जदारास 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयास 13 ऑक्टोबर 1967 या दिवसांच्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो. आणि ज्याच्या घराण्यात त्या तारखांपूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नाही, त्याला जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीकडे वळण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मग कोणी रत्नागिरीकडे जातो, कोणी साताऱ्याकडे, कोणी जुन्नराकडे, तहसील कचेरीत अर्ज देऊन ‘गाव नमुना नंबर 14’ची, मूळ विदर्भातले असेल तर ‘कोतवाल बुका’ची नक्कल मागतो, कागद मोडीत असला तर मोडी वाचणारा शोधतो, आणि त्या सलग धावणाऱ्या, हात न उचलता लिहिलेल्या अक्षरांतून एके दिवशी त्याच्या पणजोबाचे नाव बाहेर येते.

त्या क्षणी त्याचे काम झालेले असते. पण मी अनेकदा असे पाहिले आहे की, तेवढ्याने तो उठत नाही. त्याच पानावर आणखी कोणी आपले आहे काय, पणजोबाच्या खाली दोन ओळी सोडून ज्या सात दिवसांच्या मुलाचा मृत्यू लिहिला आहे ते मूल कोणाचे, पणजीचे नाव का नाही, असे प्रश्न तो मोडी वाचणाऱ्यास विचारू लागतो, आणि व्यवहाराच्या निकडीने आलेला तो इसम, स्वतःच्याही नकळत, एका निराळ्या जिज्ञासेच्या स्वाधीन होतो. या जिज्ञासेचे स्वरूप मला मूलतः धार्मिक वाटते. ज्याला आपण कधी पाहिले नाही, ज्याचा आवाज ऐकला नाही, ज्याचे छायाचित्र नाही, अशा माणसाशी आपले नाते कशाने आहे? रक्ताने म्हणावे, तर पाच-सहा पिढ्या मागे जाताच ते इतक्या धारांत विभागलेले असते की त्यातील एकच धार आपली म्हणणे अन्यायाचे ठरते. नावाने म्हणावे, तर नाव लिहिणारा कारकून तिऱ्हाईत होता. माझ्या मते ते नाते ऋणाचे आहे; आणि पूर्वजांचा शोध धर्म्य ठरतो तो एवढ्याच अर्थाने, की त्यामुळे आपण कोणाचे देणे लागतो हे कळते.

तैत्तिरीय संहितेने माणूस तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो असे सांगितले, आणि त्यांत ऋषी व देव यांच्यासमवेत पितरांचे ऋण गणिले. आपल्या देशात वंशावळीचे लेखन मात्र या ऋणाच्या जाणिवेपोटी फारसे झाले नाही. ते झाले हक्काच्या पोटी. पुण्याच्या पेशवे दप्तरात 34 हजारांहून अधिक रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, आहेत, आणि त्यांतील महजर, करीने, तकरिरी या निवाड्यांच्या व कैफियतींच्या कागदांत ज्या वंशावळी आढळतात, त्या पाटीलकीचा, कुलकर्णाचा, देशमुखीचा वाटा कोणाकडे जावा या तंट्यातून जन्मल्या आहेत. दोन भाऊबंद गोतसभेपुढे उभे राहत, प्रत्येक जण आपल्या मूळपुरुषापासून आपल्यापर्यंतची साखळी सांगे, आणि ज्याची साखळी सभेस पटे त्याच्या पदरी वतन पडे. पुढे 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनचा अधिकार वाढला, तेव्हा जुन्या इनामदारांना पुन्हा आपापल्या सनदा व वंशावळी मांडाव्या लागल्या. या कागदांचे ऐतिहासिक मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांच्यावाचून महाराष्ट्राचा इतिहास लिहिताच आला नसता. परंतु ज्याच्याजवळ वाटून घेण्यासारखे काही नव्हते, त्याची वंशावळ लिहिण्याची गरज त्या व्यवस्थेला कधी पडली नाही, हेही तितकेच खरे. कुळवाडी, बलुतेदार, गावकुसाबाहेरचा माणूस आणि सर्व जातींतील स्त्रिया यांची नावे त्या दप्तरात आली तर साक्षीदार म्हणून, गुन्हेगार म्हणून, किंवा कोणाच्या तरी मालमत्तेच्या चतुःसीमा सांगताना आली.

याला अपवाद होते, आणि ते ममत्वाने सांगण्यासारखे आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव, त्याचे वाडवडील, त्याच्यासमवेत आलेले आप्त यांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या होत आली. कोल्हापूर-सांगलीपासून बेळगावापर्यंतच्या सीमाभागात हेळवी येतात. ते बैलावर बसून दाराशी येत आणि घराण्याची पिढीवार नावे म्हणून दाखवीत, शेतकऱ्याने धान्य दिले की नव्या जन्मलेल्या मुलांची नावे आपल्या चोपडीत उतरवून घेत. वतन नसलेल्या शेतकऱ्याचीही वंशावळ कोणी तरी सांभाळीत होते, याचा हा पुरावा होय. तरीही तीर्थास जाण्याचे सामर्थ्य आणि हेळव्यास धान्य देण्याचे सामर्थ्य ज्यास होते, त्याच्यापुरतेच ते होते.

अशा स्थितीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भूमीवर एक निराळी वही उघडली गेली. तिच्या जन्मामागे पूर्वजांविषयीचा आदर नव्हता; पटकी, देवी, ताप यांनी किती माणसे मरतात याचा हिशेब सरकारास हवा होता. 1886 च्या कायद्याने नोंदणी ऐच्छिक स्वरूपात आली. 1888 च्या मुंबई महापालिकेच्या कायद्याने या शहरात जन्म-मृत्यूची नोंद ठेवणे हे पालिकेचे काम ठरले. आणि 1969 चा कायदा महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 पासून अमलात आला, तेव्हा ही नोंद साऱ्या देशात एकाच कायद्याखाली सक्तीची होऊ लागली. गावोगावच्या वह्यांत तारीख, मयताचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, वय, मरणाचे कारण, असे रकाने आखले गेले. कारणाच्या रकान्यात बहुधा ‘ताप’ एवढेच लिहिलेले सापडते, कारण गावच्या पाटलाला किंवा कोतवालाला याहून अधिक काही सांगता येण्याजोगे नव्हते. गणनेसाठी लिहिलेल्या या वहीत एक अशी गोष्ट घडली की जी तोवर कोणत्याही दप्तरात घडली नव्हती: मरण हेच नोंदीचे एकमेव निमित्त झाल्यामुळे इनामदार आणि त्याच्या शेतावरचा गडी यांना सारखीच एक ओळ मिळाली. सात दिवसांच्या मुलासही तीच ओळ मिळाली. ज्याच्यापाशी जमीन नव्हती, सनद नव्हती, जो कोणत्याही तंट्यात पक्षकार नव्हता, तो केवळ जगला आणि मेला एवढ्या आधारावर लिहिला गेला. संख्येचा शोध घेणाऱ्या राज्यकर्त्यांनी, तसा हेतू नसतानाही, नावांचे रक्षण केले. आणि आज शिवडीतल्या एखाद्या गिरणीकामगाराचा पणतू जेव्हा आपल्या मूळपुरुषाचे नाव वाचतो, तेव्हा ते वतनाच्या दप्तरातून आलेले नसते, या मृत्यूच्या वहीतून आलेले असते.

मुंबईच्या बाबतीत या वहीचे एक वैशिष्ट्य आहे. 1921 च्या खानेसुमारीत येथील 100 माणसांपैकी सुमारे 84 माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. गिरण्यांत आणि गोदीत राबणारा मनुष्य कोकणातून किंवा घाटावरून आलेला असे, आणि त्याची बायको बाळंतपणास गावी जाई. त्यामुळे एकाच कुटुंबाचे जन्म संगमेश्वर-राजापुरात लिहिलेले आढळतात आणि मृत्यू परळ-भोईवाड्यात. स्मशानात किंवा कबरस्थानात प्रेत नेताना कागद लागे, म्हणून मरण सहसा नोंदले जाई. जन्म मात्र पुष्कळदा नोंदीवाचून राही. त्याच 1921 साली या शहरातील बालमृत्यूचे प्रमाण 1000 जन्मांमागे 600 हून अधिक भरले. चाळीतील एका खोलीतल्या दाटीने, अंधाराने आणि दुधाच्या अभावाने मुले मरत होती हे त्याचे पहिले कारण. पण जी मुले येथे मेली त्यांतील पुष्कळांचा जन्म येथल्या वहीत लिहिलाच गेला नव्हता, हेही एक कारण होते. म्हणजे या शहराच्या दप्तरात असे कितीतरी जीव आहेत, की ज्यांच्या अस्तित्वाचा एकमेव लेखी पुरावा त्यांचे मरण हा आहे. आणि सारेच मृत्यू लिहिले गेले असेही नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, त्यानंतर घरझडतीच्या आणि विलगीकरणाच्या भयाने लोकांनी आपली माणसे लपविली, रोग्यास घेऊन रातोरात गावाची वाट धरली. आणि त्या वर्षांच्या वहीत जी पाने असावयास हवी होती त्यांतील काही कोऱ्या आयुष्यांसारखी कायमची हरवली.

येथे मला श्राद्धविधीचा विचार करणे आवश्यक वाटते, कारण आपल्याकडे मृतांचे नाव घेण्याची जी प्राचीन रीत आहे ती या वहीच्या बरोबर उलट दिशेने जाते. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांनाच नावागोत्रासह पिंड दिला जातो. वसू, रुद्र आणि आदित्य ही त्यांची रूपे मानली आहेत. कर्ता स्वतः निवर्तला आणि त्याचा पुत्र श्राद्धास बसला की जुना प्रपितामह त्या त्रयीबाहेर जातो. त्याच्याकडे आणि त्याच्याही मागच्या दोघांकडे हाताला लागलेल्या पिंडाचा लेप तेवढा जातो, म्हणून त्यांना लेपभाज म्हटले आहे. आणि सात पिढ्यांपलीकडे सपिंडतेचे नातेही संपते. नाव सोडून देण्याची ही योजना शास्त्रकारांनी सहेतुक केली असली पाहिजे. मृत मनुष्य काही काळ व्यक्ती म्हणून स्मरला जावा आणि नंतर पितृगणात विलीन व्हावा, वंशजाने त्याला कायम आपल्या नावाशी जखडून ठेवू नये, असा तिच्यातील आशय मला दिसतो. नोंदवही याच्या उलट करते. ती नाव टिकविते, पण त्या नावाचे कोणाशी नाते होते याची फारशी फिकीर करीत नाही.

तरीही या दोहोंचा एका ठिकाणी मेळ बसतो, आणि तो कसा बसतो हे सांगण्यासाठीच हा लेख मी लिहीत आहे. नाव ठाऊक नसलेल्या पूर्वजाचे काय करावे, हा प्रश्न आपल्या प्राचीनांना पडला होता. ज्याला वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे नाव ठाऊक नाही त्याने पित्यास पृथ्वीवर बसलेला, पितामहास अंतरिक्षात बसलेला आणि प्रपितामहास द्युलोकात बसलेला अशा नावाने हाक मारावी, असे कल्पसूत्रांत सांगितले आहे; गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणावे, असा प्रघात आहे; मृत्यूची तिथी ठाऊक नसल्यास सर्वपित्री अमावास्या आहे, आणि त्या दिवशी बाणगंगेच्या काठी जे लोक बसलेले असतात त्यांच्यातील बहुतेकांजवळ आपल्या मृतांची पुरी यादी नसते. याच्याही पुढे जाऊन तर्पणाच्या अखेरीस कर्ता ज्यांच्यासाठी ओंजळ सोडतो त्यांत जे बांधव आहेत ते येतात, जे बांधव नाहीत ते येतात, जे अन्य कोणत्या तरी जन्मी बांधव होते तेही येतात. आणि सरतेशेवटी तो आपल्या वस्त्राचे पाणी पिळून, आपल्या कुळात जे निपुत्रिक मेले आणि ज्यांना पाणी देण्यास कोणी उरले नाही, त्यांच्यासाठी सोडतो. धर्मकर्मात याहून उदात्त कृती मला फारशी आठवत नाही. मूळ प्रेरणा आपल्या घराण्याची, पण ती घराण्याच्या उंबरठ्यावर थांबत नाही. जे आपले नाहीत त्यांच्याकडे वळल्याशिवाय हा विधी पूर्ण होत नाही.

तेव्हा जुन्या वहीचे पान कसे वाचावे याची दीक्षा मला या शेवटच्या ओंजळीत मिळते असे वाटते. आपला पूर्वज शोधणारा मनुष्य सहसा आपले आडनाव पाहतो आणि बाकीच्या ओळींवरून बोट पुढे सरकवितो. त्याने ते पान पूर्ण वाचावे. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या काळातील कोणत्याही गावचे पान घ्या. एकाच आठवड्यात नवरा, बायको आणि मूल अशी एका घरातील तीन माणसे गेलेली दिसतील, आणि त्या घरातून पुढे कोणीही वंशज म्हणून नक्कल मागण्यास येणार नाही हे तुमच्या ध्यानी येईल. आज आपण जिवंत आहोत याचा अर्थ आपली ओळ त्या आठवड्यात तुटली नाही, इतकाच आहे. त्यात आपल्या पूर्वजाचे काही विशेष पुण्य होते असे मानण्यास आधार नाही. ज्याची ओळ तुटली त्याचे आपण काय लागतो? शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे: पाणी लागतो.

वंशाचा शोध अभिमानाकडे वळू लागला की धर्मग्रंथ त्याला आवर घालतात, आणि ही गोष्ट एकाच परंपरेत घडलेली नाही. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाला गुरूने गोत्र विचारले. त्याने आईस विचारले, तेव्हा जबाला म्हणाली की तारुण्यात अनेकांच्या घरी सेवा करीत असताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही. सत्यकामाने हारिद्रुमत गौतमाकडे जाऊन हे जसेच्या तसे सांगितले, आणि गौतमाने त्याच्या सत्यवचनालाच पुरेसा दाखला मानून त्याला शिष्य करून घेतले. ब्रह्मविद्येचा अधिकार ठरविताना वंशावळीचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, खोटा भरता कामा नये, असा तो निवाडा आहे. आणि ज्यांनी प्रतिष्ठेसाठी वंशावळी रचून घेतल्या त्या सर्वांच्या विरुद्ध तो आजही उभा आहे. कपिलवस्तूच्या रस्त्यांतून भिक्षा मागत फिरणाऱ्या पुत्रास पाहून शुद्धोदन दुःखाने म्हणाला की आपल्या कुळात कोणी भीक मागितली नाही. त्यावर तथागतांनी उत्तर दिले, तुमचे कूळ राजांचे, माझे कूळ बुद्धांचे. मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच येशूच्या वंशावळीने होते, आणि पुरुषांच्या त्या लांब मालिकेत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी अशा चार स्त्रियांचा उल्लेख मुद्दाम आणला आहे, ज्यांच्यापैकी कोणी परकी होती, कोणाच्या चारित्र्याविषयी लोकांनी बोट दाखविले होते. अभिमानासाठी वंशावळ रचणाऱ्याने ही चार नावे गाळली असती.

शिवडीत या विचारांना प्रत्यक्ष भूमी आहे. 1865 साली पालिकेचे आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत येथे ख्रिस्ती दफनभूमी झाली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुशिल्पकार फ्रेडरिक स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुशिल्पकार जॉर्ज विटेट तेथे विसावले आहेत, कवी डॉम मोराइस यांनाही 2004 साली तेथेच मूठमाती मिळाली. परंतु या थोरांच्या भोवती जी हजारो माणसे आहेत, त्यांच्यातील कित्येकांच्या शिळेवरील अक्षरे पुसली गेली आहेत, आणि जागेच्या टंचाईमुळे या शहरात जुनी कबर नव्या मृतासाठी उघडावी लागते; तेथे शिळेपेक्षा दफनाची वहीच अधिक टिकाऊ ठरते. जवळच बी.डी.डी. चाळी आहेत. मुंबई विकास खात्याने 1920 नंतर बांधलेल्या 207 चाळींपैकी 12 शिवडीत आहेत, आणि या चाळींनी दलित कामगारांच्या पिढ्या वाढविल्या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची एक प्रतिज्ञा आहे. मी वर श्राद्धाविषयी जे लिहिले ते या घरांस लागू नाही, आणि लागू व्हावे अशी माझी अपेक्षाही नाही. ज्या विधीच्या अधिकारातूनच ज्यांना बाहेर ठेवले गेले, त्यांनी तो विधी नाकारला यात मला न्याय दिसतो. आणि तरीही पूर्वजांविषयीची कृतज्ञता या घरांत उणी झाली नाही. कोरेगावच्या स्तंभावर 1818 च्या लढाईतील सैनिकांची जी नावे कोरली आहेत, त्यांतील ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी नावे वाचण्यासाठी दर वर्षी 1 जानेवारीस लक्षावधी माणसे जातात. जुन्या वहीतही या कुटुंबांच्या पूर्वजांची नावे अशाच रूपात सापडतात. पितृऋण विधीवर अवलंबून नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता द्यावा?

विधी आणि नोंद यांचा सर्वांत निकट संबंध मी अमेरिकेतील युटा प्रांतात पाहतो. तेथील लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथाची अशी श्रद्धा आहे की, मृत पूर्वजांच्या वतीने जिवंत वंशजाने बाप्तिस्मा घेतला तर त्यांना मोक्षाची वाट मोकळी होते. म्हणून 1894 पासून त्यांनी वंशशोधनाची संस्था चालविली, जगभरच्या जन्म-मृत्यूच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली आणि ग्रॅनाइटच्या डोंगराच्या पोटात ती सुरक्षित ठेवली. सगराच्या पुत्रांसाठी गंगा आणणाऱ्या भगीरथाच्या वंशजांना ही श्रद्धा परकी वाटू नये. परंतु नाझींनी ठार केलेल्या ज्यूंची नावे अशा बाप्तिस्म्यासाठी वापरली गेल्याचे उघड झाले तेव्हा ज्यू समाजाने हरकत घेतली, आणि 1995 साली ती प्रथा थांबविण्याचा करार झाला. मृताचे कल्याण करण्याच्या सद्भावनेनेही त्याच्या नावाचा वाटेल तसा विनियोग करता येत नाही, हा त्यातून निघालेला विवेक आपणही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कारण आपल्याकडे या घटकेस मृतांच्या नोंदींवर फार मोठा भार पडला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि कुणबी नोंदींच्या शोधार्थ महाराष्ट्रभरच्या कचेऱ्यांतील मोडी, उर्दू व फारसी कागद बाहेर काढले गेले. लक्षावधी नोंदी सापडल्या. आरक्षणाचा प्रश्न न्यायालयाने व विधिमंडळाने सोडवावयाचा आहे, आणि ज्या कुटुंबाच्या मुलाचे शिक्षण त्या एका ओळीवर अवलंबून आहे त्याला ती ओळ मिळावी, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. मला चिंता वाटते ती निराळी आहे. जातीच्या रकान्यात जे लिहिले गेले ते मयताने सांगितलेले नसे. लिहिणाऱ्याने त्याला जसे पाहिले, गावाने जसे म्हटले, तसे ते उतरले. एकाच घराण्यातील दोन भावांच्या नोंदींत निराळे शब्द आढळणे अशक्य नाही. त्या शब्दाचा कायद्यात उपयोग होईल. पण मृत मनुष्य कोण होता या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे, आणि शेजाऱ्याहून आपण वरचे की खालचे हे ठरविण्यासाठी मृत्यूच्या वहीची साक्ष काढणे हा मृतांचा अपमान आहे.

या वह्यांतील सर्वांत मोठी उणीव जातीच्या रकान्यात नाहीच. ती स्त्रियांच्या नावांत आहे. पुरुषाच्या नावापुढे वल्द लिहून बापाचे नाव येते. स्त्री मात्र अमक्याची बायको, तमक्याची आई एवढ्यावर संपते, आणि जेथे तिचे नाव लिहिलेले सापडते तेथेही ते सासरी ठेवलेले नाव असते, माहेरचे नव्हे, त्यामुळे तिच्या बापाच्या गावच्या वहीशी ते जुळविता येत नाही. विधीने तरी आई, आजी, पणजी यांना आणि आईच्या बापाकडील त्रयीलाही पाणी दिले, सवाष्ण मेलेल्या स्त्रियांसाठी अविधवा नवमी राखून ठेवली. नोंदवहीने या बाबतीत विधीच्याही मागे पाऊल टाकले. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नावात, शासकीय कागदांवर, आईचे नाव बापाच्या नावाच्या आधी लिहिण्याचा नियम महाराष्ट्राने केला, हे योग्य झाले. परंतु ते पुढच्या पिढ्यांसाठी आहे. जी आजी आज शिवडीच्या एखाद्या चाळीत गॅलरीत बसलेली आहे, तिचे माहेरचे नाव तिच्या नातवंडांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून वाचकांस माझी एवढीच विनंती आहे. जुन्या वह्या मोडी न जाणणाऱ्या हातांत जीर्ण होत आहेत, त्यांच्या प्रती वेळीच काढल्या जाव्यात यासाठी शासनाच्या पुराभिलेख खात्याकडे, आपल्या तालुक्याच्या कचेरीकडे आग्रह धरावा, आणि ज्या तरुणांना शक्य आहे त्यांनी मोडी शिकून घ्यावी. हे काम सावकाश होईल. पण एक काम आज होण्याजोगे आहे. घरातील वृद्ध स्त्रीजवळ बसून तिचे जन्मनाव, तिच्या आईचे नाव, आजीचे नाव, त्यांची गावे, आणि तिची जी मुले जगली नाहीत त्यांचीही नावे तिला विचारावीत, आणि तारीख घालून एका वहीत लिहून ठेवावीत.